उन्हाची वहिवाट

सुयोग अपार्टमेंटच्या गच्चीतून चौथ्या मजल्यावर उतरणाऱ्या उन्हाने सतरा फेब्रुवारीला उमरदरी नगरपालिकेत लेखी हरकत नोंदवली. हरकत सिंधूताई ढोमणे यांच्या हिरव्या छताला होती. आपण या स्लॅबमधून एकतीस वर्षं बिनतक्रार खाली येत आहोत, त्यामुळे आपली वाट पडलेली आहे, आणि स्लॅबवर उष्णतारोधक थर घालून वर गवत लावल्यास ती वाट कायमची बंद होईल, असं उन्हाचं म्हणणं होतं. अर्ज नीटनेटका होता. डावीकडे समास सोडलेला होता, खाली तारीख होती, आणि सहीच्या जागी कागद करपलेला होता.

नोटीस आली तेव्हा सिंधूताई नवऱ्याला कुशीवर वळवत होत्या. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "एवढंच राहिलं होतं बाप्पा."

सिंधूताईंची चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणे. त्यांचे यजमान वासुदेवराव भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. अर्ध्या तालुक्याचे बांध त्यांच्या मोजणीच्या साखळीखालून गेले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. तेव्हापासून ते आतल्या खोलीत पलंगावर होते, आणि त्या खोलीच्या वर फक्त स्लॅब होता.

उमरदरीचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. मागच्या मे महिन्यात त्या खोलीतल्या भिंतीला हात लावला की चटका बसायचा. कूलर गरम वाफ फेकायचा. वासुदेवरावांच्या पाठीला जखमा झाल्या, अंगातलं पाणी आटलं, आणि सलाईन लावायला आलेले डॉक्टर दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला मी काय सांगायचं? पुढचा मे यांना या खोलीत नको." दुसरी खोलीही त्याच स्लॅबखाली होती.

म्हणून सिंधूताईंनी अशफाक मिस्त्रीला बोलावलं. अशफाक मिस्त्री गच्च्यांचं काम करायचा आणि माणूस सरळ होता. त्याने गच्चीवर उकिडवं बसून खडूने थर काढून दाखवले. आधी पाणी अडवणारा थर. त्यावर मुळं खाली घुसू नयेत म्हणून जाड कापड. त्यावर उष्णता अडवणारा थर, मग पाणी वाहून जायला खडी, मग वीतभर माती आणि शेवटी गवत.

"लोकांना गवत दिसते सिस्टर," तो म्हणाला. "गवत म्हणजे टोपी आहे. खरं काम मधल्या थराचं. त्यात काय टाकायचं ते तुम्ही ठरवा. थर्माकोलसारख्या दाट लाद्या आहेत, काथ्याच्या गाद्या आहेत, बुचाचे पत्रे आहेत, नाही तर जुन्या पद्धतीनं मडकी उलटी मांडू."

"टिकाऊ काय?"

"टिकाऊ सगळंच आहे. परवानगी टिकली पाहिजे."

परवानगी गावंडे सरांकडे होती. मुरलीधर गावंडे हे निवृत्त प्राचार्य आणि सोसायटीचे अध्यक्ष. राहायला तळमजल्यावर. त्यांच्या खिडकीपुढे कडुलिंब होता आणि डोक्यावर चार मजले, त्यामुळे भर वैशाखातही ते घरात बाह्या कापलेला स्वेटर घालून बसत आणि पाहुण्यांना सांगत की आजकालच्या लोकांना सहनशक्ती उरली नाही. कुणाच्याही कामाला लगेच हो म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. आयुष्यभर त्यांनी रजेचे अर्ज सुद्धा एक दिवस ठेवून मग मंजूर केले होते, आणि सिंधूताईंचा छताचा अर्ज तर त्यांच्याकडे पडूनच होता.

सिंधूताई नोटीस आणि तिला जोडलेली उन्हाच्या अर्जाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"हा अर्ज कुणी लिहिला?" त्यांनी विचारलं. "अक्षर तुमचं आहे, सर."

"अक्षर माझं, म्हणणं त्यांचं," गावंडे सर म्हणाले. "त्यांना पेन धरता येत नाही, कागद जळतो. माझ्याकडे आले, अडचण सांगितली. मी त्यांचा अधिकृत प्रतिनिधी झालो. तसं पत्र दिलंय नगरपालिकेला."

"माझा माणूस वर भाजून राहिला, आणि तुम्ही उन्हाचा अर्ज लिहून राहिले?"

"सिस्टर, भावनेच्या भरात जाऊ नका. तुम्ही इथे आलात अठरा वर्षांपूर्वी. ऊन इमारत बांधली तेव्हापासून आहे. ज्येष्ठता कुणाची?"

या प्रश्नावर आपण फार मार्मिक बोललो असं वाटून सर खुर्चीत मागे रेलले. सिंधूताईंनी त्यांच्याकडे, दवाखान्यात दारू पिऊन आलेल्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहिलं आणि त्या जिना चढून परत गेल्या.

सुनावणी अकरा मार्चला झाली, नगरपालिकेच्या वहिवाट व अडथळे विभागात. विभागप्रमुख टेंभुर्णे साहेब नियमाचे पक्के होते. नियमात बसलं तर ते सख्ख्या भावाचं घर पाडत आणि नियमात बसलं तर कुणाचंही वाचवत. त्यांचा ना कुणावर राग ना लोभ, आणि विचार करण्याची सवय तर मुळीच नव्हती, त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल वर कधी तक्रार गेली नव्हती.

बरोबर अकराला ऊन पूर्वेच्या खिडकीतून आलं आणि अर्जदाराच्या खुर्चीवर बसलं. शिपायाने पाण्याचा पेला ठेवला. सुनावणी संपेपर्यंत पेला कोरडा झाला आणि कारकुनाने इतिवृत्तात लिहिलं, 'अर्जदाराने पाणी घेतले.' बाजूच्या खुर्चीवर गावंडे सर होते. त्यांना घाम येत होता, पण पक्षकारापासून लांब सरकणं बरं दिसलं नसतं.

टेंभुर्णे साहेबांनी अशफाक मिस्त्रीचा कागद समोर ओढला.

"दाट लाद्या," ते म्हणाले. "यातून अर्जदाराला जाता येईल?"

"नाही साहेब," अशफाक म्हणाला. "जाऊ नये म्हणूनच टाकतात."

"म्हणजे संपूर्ण अडवणूक. नामंजूर. काथ्याची गादी?"

"त्यात थोडं थोडं जाईल. धाग्याधाग्यातून."

गावंडे सर उभे राहिले. "साहेब, एकतीस वर्षं सरळ चालत आलेल्यानं आता नारळाच्या शेंड्यांमधून वाट काढायची? हा अपमान आहे."

"नोंद घेतली. नामंजूर. उलटी मडकी?"

"मडक्यांत हवा राहते," अशफाकने समजावलं. "ऊन मडक्यात शिरते आणि तिथंच बसते. खाली येत नाही."

"बाहेर पडता येतं त्याला?"

"संध्याकाळी पडते, वरच्या वर."

"म्हणजे दिवसभर डांबून ठेवायचं." टेंभुर्णे साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, हा वहिवाटीचा विषय राहत नाही. हे पोलिसांकडे जाईल. मी कागदावरून खोडतो, तुम्ही बोलला नाहीत असं समजू."

बुचाच्या पत्र्यांचा प्रश्न लवकर सुटला. बूच हे बाटलीला लावायची वस्तू म्हणून विभागाच्या यादीत नोंदलेलं होतं आणि इमारत म्हणजे बाटली नव्हे, असं कारकुनाने निदर्शनास आणून दिलं. नुसती माती टाकावी अशी सूचना सिंधूताईंनी केली. त्यावर अर्जदार मातीत वाट चुकण्याची शक्यता आहे, आणि चुकलेल्या अर्जदाराची जबाबदारी कुणावर याबद्दल परिपत्रक नाही, असं ठरलं.

शेवटी टेंभुर्णे साहेबांनी मधला मार्ग सुचवला. "गच्चीला हिरवा रंग द्या. छत हिरवं होईल, वाटही चालू राहील. दोन्ही पक्षांचं समाधान."

"वा!" गावंडे सर म्हणाले.

सिंधूताई उठल्या. "साहेब, माझ्या माणसाच्या पाठीला गेल्या वर्षी रुपयाएवढी भोकं पडली होती. मी स्वतः भरली. तुमच्या रंगानं ती बुजतील काय?"

"पाठ या विभागाकडे येत नाही, सिस्टर."

"मग जागेवर येऊन पाहा. खुर्चीत बसून काय वाट मोजता?"

टेंभुर्णे साहेबांनी नियमावली उघडली. कोणत्याही पक्षाने मागणी केल्यास स्थळपाहणी बंधनकारक होती. त्यांना कंटाळा आला, पण नियम होता. नऊ एप्रिल, दुपारी दोन ही वेळ ठरली. कारण वाट ज्या वेळी चालू असते त्याच वेळी पाहावी लागते.

त्या महिनाभरात सिंधूताईंनी खोलीत ओल्या चादरी टांगल्या, जमिनीवर पाणी ओतलं, दर दोन तासांनी नवऱ्याची कूस बदलली. एप्रिल लागला तशी वासुदेवरावांच्या टाचेवर लाल खूण दिसू लागली. ती खूण पुढे काय होते हे सिंधूताईंना पाठ होतं. त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात जेवढं रडून घ्यायचं तेवढं रडून घेतलं.

पाहणीच्या दिवशी मंडळी चार जिने चढून धापा टाकत आली. टेंभुर्णे साहेब, टेप धरलेला कारकून आणि गावंडे सर. अशफाक आधीच येऊन दाराशी उभा होता. ऊन वरूनच आलं. खोलीत शिरताच टेंभुर्णे साहेबांनी रुमाल डोक्यावर टाकला. सर भिंतीला टेकायला गेले आणि टेकून लगेच सरळ झाले.

कारकुनाने स्लॅबचा तापलेला भाग शोधला आणि तिथून खाली खडूने रेघा मारत मोजायला सुरुवात केली. वाट साडेतीन फूट रुंद भरली. ती छतातून उतरत होती आणि थेट पलंगावरून, म्हणजे वासुदेवरावांच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत, जात होती.

टेंभुर्णे साहेबांनी मान हलवली. "सिस्टर, हे गंभीर आहे. तुम्ही वाटेत पलंग टाकलाय."

"आणि त्यावर माणूस झोपवलाय," गावंडे सरांनी भर घातली. "दोन वर्षं. हे सरळ अतिक्रमण आहे."

सिंधूताईंच्या हातात पाण्याचं भांडं होतं. ते त्या दोघांपैकी कुणाच्या डोक्यावर आपटावं याचा त्यांनी खरोखर विचार केला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रोग्याला दोष देणारे पुष्कळ पाहिले होते, पण रोग्याने उन्हाच्या आड येऊ नये म्हणणारे हे पहिलेच.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"ढिली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. वासुदेवराव कारकुनाच्या हाताकडे पाहत होते.

"टेप... ढिली," ते म्हणाले.

कारकून ओशाळला. त्याने टेप ताणून पुन्हा मोजलं. वाट साडेतीनाऐवजी सव्वातीन फूट निघाली. टेंभुर्णे साहेबांनी आकडा दुरुस्त केला आणि पहिल्यांदाच पलंगावरच्या माणसाकडे जरा आदराने पाहिलं. चुकलेलं माप त्यांना मेलेल्या माणसापेक्षा जास्त लागत असे.

"आपण मोजणीत होतात?"

वासुदेवरावांनी डोळे मिटून हो म्हटलं. मग बराच वेळ ओठ हलवले. सिंधूताई जवळ गेल्या आणि त्यांनी त्यांचा डावा हात धरला. शब्द गोळा व्हायला त्यांना वेळ लागे, आणि घाई केली की ते विखरत.

"वाट," ते शेवटी म्हणाले. "जाते... कुठं?"

"छतातून येते, खोलीतून जाते," टेंभुर्णे साहेब म्हणाले.

"कुठं?"

टेंभुर्णे साहेबांनी खडूच्या रेघा पाहिल्या. रेघा छताखालून निघत, पलंगावरून जात आणि कपाटाशी संपत. कपाटामागे भिंत होती. भिंतीला खिडकी नव्हती. कारकुनाने कपाट सरकवून पाहिलं, मागे झुरळ होतं, वाट नव्हती.

"टोक नाही," वासुदेवराव म्हणाले. आता त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली होती. "एक टोक... ती वाट नाही. मुक्काम."

टेंभुर्णे साहेबांनी पिशवीतून नियमावली काढली, घामाने चिकटलेली पानं सुटी केली आणि वाचलं. वाटेला दोन टोकं असणं आवश्यक होतं. जो येतो आणि पुढे जात नाही त्याला वाटसरू म्हणता येत नव्हतं, पाहुणा म्हणावं लागत होतं, आणि पाहुण्याला घरमालकाची संमती लागत होती.

"संमती आहे का?" त्यांनी सिंधूताईंना विचारलं.

"मेल्यावरही देणार नाही," सिंधूताई म्हणाल्या.

"हरकत घेतो!" गावंडे सर म्हणाले. "माझे पक्षकार पुढे जातात."

"कुठे जातात?"

सरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी पक्षकाराला कधी विचारलंच नव्हतं. टेंभुर्णे साहेब उन्हाकडे वळले आणि अधिकृत आवाजात म्हणाले, "अर्जदारांनी स्वतः सांगावं. आपल्याला जायचं कुठे असतं?"

ऊन पलंगाच्या कडेला सरकलं. मग बोललं. आवाज कोरडा होता, दमलेला वाटत होता.

"खाली," ते म्हणालं. "जमिनीला टेकायचं असतं. रोज दहा वाजता निघतो आम्ही. पण हा स्लॅब उतरेतो संध्याकाळ होते, आणि मग इथेच पडून राहावं लागतं. एकतीस वर्षांत जमीन पाहिली नाही. या गृहस्थांना त्रास देण्याची हौस नाही. पुढे रस्ताच नाही."

सिंधूताईंनी भांडं खाली ठेवलं. त्यांना त्याची दया आली असं नाही. पण हे बिचारं निदान खरं बोललं, एवढं त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं.

"जमीन म्हणजे तळमजला," टेंभुर्णे साहेब म्हणाले. "या खोलीच्या सरळ खाली कोण राहतं?"

कारकुनाने नकाशा पाहिला. "सदनिका क्रमांक एक. श्री. मुरलीधर गावंडे."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "माझी हरकत आहे," ते म्हणाले. "तीव्र हरकत. मला रक्तदाब आहे. माझी पुस्तकं आहेत!"

"आपण अर्जदाराचे अधिकृत प्रतिनिधी आहात," टेंभुर्णे साहेब शांतपणे म्हणाले. "प्रतिनिधीला पक्षकाराच्या विरुद्ध हरकत घेता येत नाही."

"मग मी प्रतिनिधी राहत नाही. आत्ता राजीनामा देतो."

"देऊ शकता. नव्वद दिवसांनी अमलात येईल. तोवर आदेश कायम झालेला असेल."

आदेश बावीस एप्रिलला निघाला. उन्हाची वाट मान्य करण्यात आली होती आणि तिला दुसरं टोक देण्यात आलं होतं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत भिंतीच्या कडेने एक नळी उतरवायची, ऊन त्या नळीने जाईल. उरलेल्या संपूर्ण स्लॅबवर अर्जदाराचा कोणताही हक्क राहणार नाही, त्यामुळे तिथे कोणताही थर, कितीही जाड, घालण्यास मोकळीक. ऊन नळीपाशी पोचेपर्यंत गवताने वाटेत आडवं पडू नये, असं एक कलम शेवटी होतं.

"आता बोला सिस्टर, काय टाकू?" अशफाकने विचारलं.

"दाट लाद्या," सिंधूताई म्हणाल्या. "आणि दोन थर टाक."

अशफाकने आठ दिवसांत काम उरकलं. लाद्यांचे सांधे एकावर एक येणार नाहीत असे मांडले, खडी पसरली, माती टाकली आणि काटक जातीचं गवत लावून त्यावर पहिले काही दिवस जुन्या साड्यांची सावली केली. नळीच्या तोंडाभोवतीचं गवत त्याने हाताने विंचरून बाजूला वळवून ठेवलं, कारण कलम होतं.

मे महिन्यात ऊन रोज सकाळी दहाला गच्चीवर येई, नळीतून उतरे आणि साडेदहाच्या आत गावंडे सरांच्या बैठकीत पोचे. जमीन पाहून ते इतकं सुखावलं, की पहिल्या दिवशी तीन तास फरशीवर नुसतं पडून होतं. सरांनी सुरुवातीला ओसरीत बसून पाहिलं, मग गॅलरीत, मग कडुलिंबाखाली खुर्ची टाकून. नगरपालिकेत त्यांनी अर्ज केला. तळमजल्याच्या छतावर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या बोरकरांच्या फरशीवर, गवत लावण्याची परवानगी मिळावी, असा तो होता. टेंभुर्णे साहेबांनी तो क्रमाने घेतला. क्रम एकोणसत्तरावा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सर आता सहनशक्तीबद्दल काही सांगत नसत. ते पर्यावरणाबद्दल सांगत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सिंधूताई स्वयंपाकघरात कैऱ्या उकडत होत्या. आतून हाक आली. त्या पदराला हात पुसत गेल्या.

"चादर," वासुदेवराव म्हणाले.

बाहेर सेहेचाळीस अंश तापमान होतं, अशा वेळी थंडी वाजणारा माणूस म्हणजे ताप. त्यांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेखाली, मग काखेत थर्मामीटर धरून घड्याळ पाहत उभ्या राहिल्या. ताप नव्हता. टाच पाहिली. लाल खूण फिकी पडत चालली होती. खिडकी तपासली, बंद होती. मग त्यांनी स्टुलावर चढून तळहात छताला टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

खाली उतरून त्यांनी कपाट उघडलं. चादर सगळ्यात खालच्या घडीत होती, डांबरगोळ्यांचा वास लागलेली. ती त्यांनी झटकली आणि नवऱ्याच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढली. भिंतीच्या पलीकडे नळीतून ऊन सावकाश खाली जात होतं.

वासुदेवराव साडेचारपर्यंत झोपले. चहासाठी त्यांना हलवून उठवावं लागलं.